मधुमेहाच्या वारशात जनुकांचा वाटा किती?

‘आमच्या घराण्यातच डायबिटीस आहे हो,’ असं म्हणत दुसरी जिलबी उचलणारे आपल्याकडे कमी नाहीत. घराण्याचा हा दोष नेमका किती, याचा सर्वांत ठळक धागा २००६ मध्ये आइसलँडमध्ये सापडला. ‘डीकोड’ कंपनीच्या संशोधकांनी दहाव्या गुणसूत्रावरच्या टीसीएफ७एल२ या जनुकातला एक फेरफार टाइप टू मधुमेहाशी जोडून दाखवला. त्याची एक प्रत असली तर धोका सुमारे दीडपट. आई आणि वडील दोघांकडून आली तर जवळजवळ अडीचपट. घाव बसतो तो स्वादुपिंडावर. जेवणानंतर जितकं इन्सुलिन सुटायला हवं, तितकं सुटत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने लगेच पुढच्या वर्षी भारतीय रुग्णांत हा फेरफार तपासला. इथेही धोका दीडपटीच्याच आसपास निघाला. म्हणजे या जनुकाच्या बाबतीत गोरे आणि आपण जवळपास सारखेच. मग हा रोग आपल्याला दहा वर्षं आधी, तेही सडपातळ अंगात का गाठतो?

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! ही गुप्त चरबी बाळपणीच दिसते. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली ३.५ किलोंची. आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी बारीक. चरबीचा साठा मात्र बऱ्यापैकी राखलेला. आईच्या उपासमारीची नोंद गर्भ अशी ठेवतो. माझ्या मते घराण्याचा खरा वारसा जनुकांइतकाच इथे शोधायला हवा.

एकच जनुक धोका कित्येक पटींनी वाढवतं, असंही घडतं, पण क्वचित. ग्रीनलँडच्या इनुइटांत टीबीसी१डी४ जनुकातल्या बिघाडाच्या दोन्ही प्रती असणाऱ्यांना हा धोका सुमारे दहापट आहे. आपल्याकडे शेकडो जनुकं थोडा थोडा भार टाकतात. त्यामुळे लाळेचा नमुना घेऊन ‘तुमचं भविष्य’ विकणाऱ्या महागड्या चाचण्यांवर मी तरी पैसे घालणार नाही.

आणि जनुकाचा शब्द शेवटचाही नसतो. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंध चाचणीत टीसीएफ७एल२मधल्या फेरफाराच्या दोन्ही प्रती असलेल्यांनी वजन उतरवलं, रोज चालायला लागले, तेव्हा त्यांचा जादा धोका जवळजवळ उरलाच नाही.

२०२३ च्या आयसीएमआर अभ्यासानुसार भारतात १०.१ कोटी मधुमेही आहेत, आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर. आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल तर रक्तातली साखर तपासायला चाळिशीची वाट पाहू नका. तिशी उलटलेल्यांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.