श्वासाची वाट – भाग ७ : ‘नेहमीचा’ खोकला

गेल्या आठवड्यात आपण दम्याबद्दल बोललो. दम्याचा त्रास येतो, जातो, मधले दिवस मोकळे असतात. आजचा आजार तसा नाही. तो घरात मुक्कामाला येतो आणि हळूहळू घरचाच होऊन जातो. त्याचं नाव क्रॉनिक ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनलिकांची जुनाट सूज.

बाह्यरुग्ण विभागात माझं आणि पेशंटचं बोलणं बरेचदा असं होतं.

“आजी, खोकला आहे का?”

“नाही.”

इतक्यात आजींना उबळ येते. त्या पदर तोंडाला लावतात, बेडका गिळतात, डोळे पुसतात.

“मग हा काय?”

“हा होय? हा नेहमीचाच हाय, डाक्टर. मी पायाच्या सुजेसाठी आलेय.”

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आमच्या घरी पहाटेची वेळ आईच्या खोकल्यावरून कळायची. ती चुलीपुढे बसायची, पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्या पेटता पेटत नसत, फुंकणीने फुंकताना दर फुंकेआधी तोच धूर छातीत भरून घ्यायची. थोड्या वेळाने खोकला सुरू व्हायचा आणि आम्ही भावंडं समजायचो, चहा झाला. मेडिकल कॉलेजात या आजाराची व्याख्या मी पाठ केली, परीक्षेत लिहिली, तिचे मार्कही मिळाले. आईच्या खोकल्याला ती लावून बघायला मात्र मला पुढे कित्येक वर्षं लागली. तोवर तिला विहिरीचा चढ चढताना दोनदा थांबावं लागत होतं. म्हणून आजचा भाग मी जरा पोटतिडकीने लिहितो आहे.

ती व्याख्या सोपी आहे. सलग दोन वर्षं, दर वर्षी किमान तीन महिने, बहुतेक दिवस बेडका पडणारा खोकला असेल आणि त्यामागे क्षयरोगासारखं दुसरं कारण नसेल, तर तो क्रॉनिक ब्राँकायटिस. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९६५ साली ती मांडली. तिथे या विषयाची एवढी निकड होती, त्याला कारण होतं. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचं दाट धुकं साचून राहिलं. पहिल्या हिशेबात सुमारे चार हजार माणसं त्यात दगावली, नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. मेलेल्यांत म्हातारे आणि आधीपासून छाती अधू असलेले फार होते. वर्षानुवर्षं ‘नेहमीचा’ म्हणून सोडून दिलेला खोकला माणसाला किती दुबळं करून ठेवतो, हे त्या पाच दिवसांत दिसलं.

आता छातीच्या आत काय घडतं ते पाहू. श्वासनलिकेला फांद्या फुटतात, फांद्यांना पुन्हा फांद्या, अशा सुमारे तेवीस वेळा. मोठ्या फांद्यांच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात. वाऱ्यावर ज्वारीचं शेत डुलावं तसे ते एका लयीत, सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात. त्यांच्यावर चिकट द्रावाचा पातळ थर असतो. धूळ, धूर, जंतू त्याला चिकटतात आणि केस तो थर घशाकडे ढकलत राहतात. आपण नकळत तो गिळून टाकतो. ही झाडलोट दिवसरात्र चालू असते.

रोज धूर जाऊ लागला की या व्यवस्थेवर दोन बाजूंनी घाव बसतो. चिकट द्राव तयार करणाऱ्या ग्रंथी फुगतात, त्यांची संख्या वाढते, द्राव जास्त आणि घट्ट होतो. त्याच वेळी तो ढकलणारे केस आखडतात, गळून पडतात. केर वाढला आणि झाडणारा हात थकला. मग शरीराकडे एकच उपाय उरतो, जोराने खोकून तो बाहेर फेकणं. रात्रभर साचलेला बेडका सकाळी उठल्याउठल्या सुटतो, म्हणून हा खोकला पहाटेचा.

पुढे नळीची भिंत सुजून जाड होते. इथे भौतिकशास्त्रातला एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. नळीची रुंदी निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा सोळापट वाढू शकतो. धाप लागण्याचं मूळ इथे आहे. सुरुवातीची थोडी सूज माणसाला जाणवत नाही, आणि एकदा जाणवायला लागली की त्रास झपाट्याने वाढतो. श्वास सोडताना हवा अडू लागली की आजाराला सीओपीडी म्हणतात. क्रॉनिक ब्राँकायटिस असलेल्या प्रत्येकाचं तसं होत नाही, पण वाट तिकडे जाते.

धूर कुठला? बिडी-सिगारेटचा तर आहेच. पण जिने आयुष्यात बिडीला हात लावला नाही, ती बाई का खोकते? पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये या प्रश्नाकडे जगाचं लक्ष वेधलं. जगात तंबाखूचा धूर घेणारे सुमारे एक अब्ज, तर लाकूड, गोवऱ्या, काडीकचरा यांचा धूर घेणारे सुमारे तीन अब्ज, असं त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे यात तुराट्या, पऱ्हाट्या, उसाचं पाचट, सगळं आलं. गॅसची शेगडी घरात असूनही अंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच, अशी घरं अजून पुष्कळ आहेत. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची कॉइलही विसरू नका. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात, असं मोजमाप झालेलं आहे. मच्छरदाणी स्वस्त आहे आणि ती धूर करत नाही.

आता उपाय. सगळ्यात आधी तपासणी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून क्षयरोग नाही याची खात्री करायची. बेडक्यात रक्त, संध्याकाळचा ताप, उतरतं वजन असेल तर एक दिवसही थांबायचं नाही. छातीचा एक्स-रे ‘क्लीन’ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. या आजारात तो बरेचदा साफच दिसतो. फुंकर मारून करायची तपासणी, स्पायरोमेट्री, खरं काय ते सांगते.

दुसरं, धूर थांबवणं. याच्या तोडीचं औषध नाही. लंडनमधल्या कामगारांचा आठ वर्षं पाठपुरावा करून चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी १९७७ साली दाखवलं, की धूम्रपान सोडलं की फुप्फुसाची गेलेली ताकद फारशी परत येत नाही, पण पुढची घसरण न ओढणाऱ्या माणसाइतकी मंदावते. म्हणजे पन्नाशीत सोडली तरी फायदा, साठीत सोडली तरी फायदा. एक मात्र आधीच सांगून ठेवतो. बिडी सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढल्यासारखा वाटू शकतो. बरेच जण तिथेच घाबरून पुन्हा ओढू लागतात. घाबरू नका, आखडलेले केस पुन्हा कामाला लागत असतात. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो.

चूल लगेच सुटत नसेल तर ती उघड्यावर मांडा, सरपण पूर्ण वाळलेलं वापरा, धुराला वर जायला वाट ठेवा. आणि चुलीपुढे लेकरू घेऊन बसू नका.

तिसरं, बेडका बाहेर काढण्याची रीत. जोरजोरात खोकून छाती दुखते, बेडका तिथेच राहतो. त्याऐवजी मध्यम श्वास घ्या आणि चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर वाफ सोडतो तसं, घसा मोकळा ठेवून ‘हाऽऽ’ करत श्वास सोडा. दोन-तीनदा केलं की बेडका वर सरकतो, मग एक खोकला पुरतो. आलेला बेडका थुंका, रंग बघा. धाप लागली तर बशीतल्या गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून, घेतलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ श्वास सोडा.

चौथं, पंप. “पंपाची सवय लागते” ही समजूत गावोगावी आहे आणि तिने फार नुकसान केलं आहे. पंपातलं औषध थेट नळीत जातं, म्हणून अगदी थोड्या मात्रेत भागतं. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध आधी जिच्यात साचतं ती पोकळ नळी, लावा, आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर गुळण्या करा. याउलट, चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षं घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या हाडं ठिसूळ करतात, साखर वाढवतात.

पाचवं, बिघाड ओळखणं. बेडका एकदम वाढला, पिवळा-हिरवा झाला, धाप वाढली, तर डॉक्टर गाठा. अँटिबायोटिकची वेळ कदाचित ती आहे. प्रत्येक खोकल्याला ते लागत नाही. ओठ निळे पडले, माणूस गुंगीत जाऊ लागला, तर थेट मोठ्या दवाखान्यात न्या. पायावर सूज येत असेल तर तीही या आजाराची खूण असू शकते. अडलेल्या श्वासाचा भार हृदयाच्या उजव्या बाजूवर पडतो. सुरुवातीच्या आजी ज्या सुजेसाठी आल्या होत्या, तिचं मूळ त्यांच्या ‘नेहमीच्या’ खोकल्यातच निघालं. फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोकॉकसची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर असे बिघाड कमी होतात.

आईला पंप सुरू केला तेव्हा ती साठीची होती. चूल आम्ही गोठ्याजवळ हलवली, पुढे बंद केली. विहिरीचा चढ ती अजूनही एकदा थांबूनच चढते. दहा वर्षं आधी तिला मी एक प्रश्न विचारला असता तर कदाचित तेवढंही थांबावं लागलं नसतं.

तो प्रश्न या आठवड्यात तुम्ही विचारा. उद्या सकाळी घरात कोण खोकतं ते ऐका, आणि त्यांना ‘खोकला आहे का’ असं विचारू नका. ‘हा खोकला किती वर्षांचा?’ असं विचारा.

(पुढील भागात : स्पायरोमेट्री – एका फुंकरीतून काय काय कळतं)