स्कूटरच्या धूरनळीतील तापमापक
व्हेस्पा-लँब्रेटासारख्या टू-स्ट्रोक स्कूटरचे इंजिन वेगासाठी सुधारून घेतले, की हवेच्या मानाने पेट्रोल किंचित कमी पडले तरी पिस्टनला भोक पडण्याचे भय असते. धूरनळीत बसविलेला तापमापक या संकटाची चाहूल देतो. त्यासाठी क्रोमेल व ॲल्युमेल यांच्या तारांचे ‘के’ जातीचे थर्मोकपल घ्यावे. बारीक असेल तर काटा चटकन हलतो, मात्र ते टिकते कमी. त्याचे टोक वायूच्या प्रवाहाच्या मध्यभागी यावे. सिलिंडरपासूनचे अंतर बदलले की आकडाही बदलतो. तेव्हा शेजाऱ्याच्या स्कूटरवरचा आकडा आपल्या उपयोगाचा नव्हे! तार अपुरी पडल्यास साधी तांब्याची जोडू नये. आधी मोठे जेट लावून आकडा टिपावा, मगच जेट क्रमाने लहान करावे. ठिणगी फार लवकर पडू लागली, तर मात्र पिस्टन तापत असताही काटा खाली येतो.