'आलेच!' म्हणजे नेमका कुठला काळ?

दुपारी बाराच्या सुमाराला दाराची कडी वाजते. तुमचे हात कणकेत बरबटलेले. तुम्ही स्वयंपाकघरातूनच ओरडता, "आले, आले!" खरं पाहता तुम्ही जागच्या हललेल्यासुद्धा नसता. मराठीत हे अगदी बिनचूक. दारातल्या माणसाला कळतं, बाई निघाली. पण हेच वाक्य उचलून इंग्रजीत नेलंत आणि 'आय केम, आय केम' म्हणालात, तर गुण गेलाच म्हणून समजा. तिथे 'आय ॲम कमिंग' म्हणावं लागतं. जे अजून घडायचं आहे त्याला आपण बेलाशक भूतकाळ लावतो, इंग्रजी लावू देत नाही.

मैत्रिणींनो, हे व्याकरणाचं पुराण आज अशासाठी, की यवतमाळ, पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड या गावांतून पदवीचं प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून संसाराला लागलेल्या कितीतरी जणी तलाठ्याची, लिपिकाची जाहिरात निघाली की ती ट्रंक उघडतात. २०२३ ची तलाठी भरती आठवा. जागा ४ हजार ६४४, आणि अर्ज दहा लाखांच्या वर. शंभर प्रश्न, दोनशे गुण. त्यांतले २५ प्रश्न, म्हणजे ५० गुण, इंग्रजीचे. मराठी आपली आहे, सामान्य ज्ञान वाचून होतं, गणितात मुलांचा अभ्यास घेऊन घेऊन हात बसलेला असतो. गाडी अडते ती या पन्नास गुणांशी. एमपीएससीच्या गट ब आणि गट क च्या संयुक्त मुख्य परीक्षेतसुद्धा मराठी-इंग्रजीचा एक अख्खा पेपर असतो. सरकारी नोकरीत महिलांसाठी ३० टक्के जागा राखून आहेत हे खरं, पण गुण तर आपले आपल्यालाच मिळवावे लागतात. शिवाय वय कुणासाठी थांबत नाही. खुल्या गटाला साधारणपणे ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा. धाकटा शाळेत जाऊ लागेपर्यंत त्यातली दोन-तीनच वर्षं हातात उरतात.

तुम्ही म्हणाल, आमचं इंग्रजीच कच्चं. कच्चं आहे, पण त्यात तुमचा दोष किती? आपल्या राज्यात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधी शाळेत गेलेल्यांनी ए-बी-सी-डी पाहिली ती पाचवीत. आणि जिच्या घरी गोरमाटी, कोलामी किंवा गोंडी बोलतात, तिची तर मराठीच दुसरी भाषा, इंग्रजी तिसरी. त्यातून बारा काळांचा तक्ता फळ्यावर लिहून 'पाठ करा' म्हणून सांगितलेलं. पाठ केलं, पेपर झाला, विसरलो.

तो तक्ता आता बाजूला ठेवा आणि गॅसवरच्या डाळीकडे पाहा. 'मी रोज डाळ शिजवते' ही सवय झाली, साधा वर्तमान: 'आय कुक डाळ एव्हरी डे.' कुकर लागलाय, शिट्ट्या होताहेत, म्हणजे क्रिया चालू: 'आय ॲम कुकिंग.' झाकण उघडलं, डाळ तयार: 'आय हॅव कुक्ड.' आणि चौथा प्रकार तर आपल्या पाण्याच्या कृपेने पुष्कळ घरांत रोज घडतो. सकाळपासून शिजवतेच आहे, मेली शिजायचं नाव घेत नाही: 'आय हॅव बीन कुकिंग धिस डाळ सिन्स मॉर्निंग.' झाले चार. हेच चार काल, हेच चार उद्या. चार त्रिक बारा. तक्ता संपला.

यात चालू काळ ओळखायला आपल्या वऱ्हाडी बोलीसारखी मदत दुसरी नाही. पुण्यामुंबईकडे गेलं की आपल्या 'करून राहिली'ला लोक हसतात. हसू देत. "काय करून राहिली वं?" "स्वयंपाक करून राहिली." हा इंग्रजीतला 'आय ॲम कुकिंग' जसाच्या तसा आहे. पुस्तकी मराठीत 'मी करते' हे रोजचंही असू शकतं आणि आत्ताचंही. वऱ्हाडीत हा घोटाळाच होत नाही. म्हणून रिकाम्या जागेत 'इंग' लावायचं की नाही असं कोडं पडलं, तर वाक्य मनातल्या मनात आपल्या बोलीत बोलून पाहा. 'मला दोन मुलं होऊन राहिली' असं आपण म्हणतो का? नाही. मग 'आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन'ही चूक. 'आय हॅव टू चिल्ड्रन' बरोबर. 'मला माहीत होऊन राहिलं' कुणी म्हणत नाही, तसंच 'आय ॲम नोइंग'ही नाही. ही कसोटी दहापैकी दहा वेळा चालेल असं मात्र नाही. जिथे चालत नाही ती जागा पुढे येतेच आहे.

त्याआधी 'आहे'चा सापळा. मराठीत 'आहे' दिसलं की 'हॅज', 'हॅव' लावायचं असं आपल्याला कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं. 'पत्र आलं आहे', 'द लेटर हॅज कम', इथे ते जमतं. पण 'बाळ झोपलं आहे' याचं काय? बाळ या घडीला झोपेत आहे, तेव्हा 'द बेबी इज स्लीपिंग.' 'सासूबाई ओसरीवर बसल्या आहेत', त्याही 'सिटिंग'. 'तिने हिरवी साडी नेसली आहे', तिथेही 'शी इज वेअरिंग'. बसणं, झोपणं, उभं राहणं, नेसणं या क्रिया मराठीत पुऱ्या झालेल्या धरतात, इंग्रजीत त्या चालूच असतात. वाक्यातली चूक शोधा, या प्रश्नात हे हमखास सापडतं.

दुसरा सापळा 'होते'चा. "काल मी बाजारात गेले होते," असं आपण सहज म्हणतो, आणि तसंच 'आय हॅड गॉन टु द मार्केट यस्टरडे' लिहून मोकळ्या होतो. चूक. नुसती कालची गोष्ट सांगायची तर 'आय वेंट' पुरे. 'हॅड' लागतो तो दोन जुन्या गोष्टींमधली आधीची कुठली हे दाखवायला. पाहुणे आले, पण त्याआधी डाळ झाली होती: 'आय हॅड कुक्ड द डाळ बिफोर द गेस्ट्स केम.' आणि 'यस्टरडे' दिसलं की त्या वाक्यात 'हॅव'ला थारा नाही, एवढी एक गाठ पदराला बांधा.

आता ती राहिलेली जागा. 'लग्न झाल्यापासून मी यवतमाळला राहते.' आपला झाला वर्तमानकाळ, आणि 'राहून राहिली' असं तर कुणीच म्हणत नाही, म्हणजे बोलीची कसोटी इथे गप्प. इंग्रजीला मात्र सुरुवात तेव्हाची आणि अजून चालू, असा सगळा हिशेब हवा: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन यवतमाळ सिन्स माय मॅरेज.' इथेच 'सिन्स' आणि 'फॉर' यांचा नेहमीचा गोंधळ. माझी युक्ती सांगते. कॅलेंडरवर जिथे बोट ठेवता येतं, तो 'सिन्स': सोमवारपासून, २०१२ पासून, दिवाळीपासून. जे बोटांवर मोजावं लागतं, तो 'फॉर': तीन दिवस, बारा वर्षं.

'ती गेली नाही' याचं 'शी डिड नॉट वेंट' का होतं, ठाऊक आहे? मराठीत नकार आला तरी भूतकाळ 'गेली'पाशीच राहतो. इंग्रजीत भूतकाळ म्हणजे किल्ल्यांचा जुडगा, एका वेळी एकीच्याच कमरेला. 'डिड' आली की जुडगा तिच्याकडे. मग 'वेंट'ला निमूटपणे 'गो' व्हावं लागतं. 'डज'चंही तेच, 'शी डज नॉट गो', तिथला 'एस' 'डज'ने घेतला. तृतीय पुरुषी एकवचनाच्या या एका 'एस'चा आपल्याला केवढा धाक! करतो, करते, करतं, करतात हे सगळं आपण भाजी चिरता चिरता न चुकता बोलतो. त्यापुढे एक 'एस' तो काय.

जर-तरचंही पाहा. 'तो आला तर मी जाईन' यात अजून न आलेल्याला आपण 'आला' म्हणतो. इंग्रजी त्याला वर्तमानात बसवते: 'इफ ही कम्स, आय विल गो.' 'इफ'च्या मागोमाग 'विल' घालायचा मोह आवरा.

आणि नळावरचं बोलणं! "ती म्हणाली की मी येत नाही." आपण दुसरीचं वाक्य जसंच्या तसं पोचवतो, 'मी' सुद्धा तिचाच. इंग्रजीत पोचवणारी बाई आपल्या जागेवरून बोलते, म्हणून 'मी'ची 'शी' होते आणि काळ एक पायरी मागे सरकतो: 'शी सेड दॅट शी वॉज नॉट कमिंग.' 'टुमारो' असेल तर 'द नेक्स्ट डे' होतो. प्रयोगाच्या प्रश्नात तर मराठीचा अभ्यास करणाऱ्यांचीच जास्त फसगत होते. 'तिने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी प्रयोग, पण इंग्रजीत 'शी एट अ मँगो' हे सरळ ॲक्टिव्ह. 'आंबा खाल्ला गेला' म्हणालात तर तो पॅसिव्ह. दोन्ही पेपर एकाच दिवशी असतात, नावांची सरमिसळ होऊ देऊ नका.

क्रियापदांची तीन रूपं मात्र पाठच करावी लागतात, त्याला इलाज नाही. पण एकसारखी एकत्र बांधा. 'कट, पुट, शट' कधी बदलतच नाहीत. 'ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, थिंक-थॉट, टीच-टॉट' ही एक जुडी. 'सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक' ही दुसरी. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठळक लिहून ओट्यासमोर लावा. रोज पाच, जास्त नकोत.

पुस्तक कुठलं? 'रेन अँड मार्टिन' उत्तमच, पण सुरुवातीलाच ते उघडलंत तर धीर सुटेल. त्यापेक्षा मुलाचं पाचवी ते आठवीचं बालभारतीचं पुस्तक घ्या. मोबाइलवरही ती फुकट मिळतात. नंतर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. 'तीस दिवसांत इंग्रजी' छापाच्या पुस्तकांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि क्लासची फी भरण्याआधी एक तास नुसतं बसून बघू द्या म्हणावं. बसू देत नसतील तर परत या.

घरचे काय म्हणतील, हा प्रश्न उरतोच. सेमी-इंग्रजीत शिकणारी लेक "आई, 'डिड वेंट' नसतं गं" म्हणून खिदळते, तेव्हा चेहरा उतरतो खरा. रमाबाई रानड्यांनी लग्नानंतर इंग्रजी शिकायला घेतलं तेव्हा घरातल्या बायकांनी त्यांना किती टोचून खाल्लं, ते त्यांच्या १९१० साली निघालेल्या आठवणींच्या पुस्तकात आहे. त्यांच्या पाठीशी निदान न्यायमूर्ती तरी होते. तुमच्या पाठीशी कुणी नसेल तर त्या लेकीलाच मास्तरीण करा. रात्री जेवणं उरकली की दिवसभरात केलेल्या पाच कामांची पाच वाक्यं वहीत लिहायची, तपासायची तिने. मुलांना आईच्या वहीत लाल पेन चालवायला फार आवडतं, आणि तपासता तपासता तिचंही पक्कं होतं.

दोन गोष्टी परीक्षेच्या. तलाठीच्या त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते, तेव्हा एकही प्रश्न सोडण्यात अर्थ नव्हता. एमपीएससीत मात्र चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांतला पाव भाग वजा, तिथे अंदाजपंचे नको. जाहिरातीत हे आधी वाचून घ्या. दुसरं म्हणजे हल्ली बऱ्याच भरत्यांची परीक्षा संगणकावर होते आणि केंद्र दुसऱ्या जिल्ह्यातही येऊ शकतं. माउस हातात धरायची सवय नसेल तर वाचनालयात किंवा ओळखीच्या घरी चार दिवस करून घ्या. आणि प्रवेशपत्र हाती आलं की त्या दिवशी मुलांना कोण पाहणार, हे त्याच संध्याकाळी ठरवून टाका.