भज्जी आवडते, मग मेथी का नाही? लेकरांच्या ताटातल्या माळव्याबद्दल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे घाईघाईत सांगितलं, ते इथं जरा नीट मांडलंय.

प्रश्न साधाच आहे, पण घरोघरी रोज संध्याकाळी पडतो. लेकरू भाजी खात नाही, काय करायचं?

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि सध्या धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावातल्या घरूनच करतो. घरात आई, दादा, वहिनी आणि पाच वर्षांची पुतणी. या पावसाळ्यात तिची रक्ततपासणी झाली, तेव्हा हिमोग्लोबिन ९.६ निघालं. या वयात ते साधारण साडेअकराच्या वर असायला हवं. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं आणि सोबत सांगितलं, "पालेभाज्या, डाळी वाढवा." औषध पाजणं सोपं होतं. पालेभाजी मात्र ताटाच्या कडेला तशीच राहायची. म्हणून मी हा विषय वाचायला घेतला.

हे आमच्या एकट्याच्या घरचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्ताची कमतरता आहे. म्हणजे दहातली सात लेकरं. त्यामुळे "मोठं झालं की खाईल" म्हणून सोडून देण्याइतका हा विषय छोटा नाही.

येळवशीचं कोडं

आता एक गंमत बघा. आपल्याकडं, म्हणजे धाराशिव, लातूर, सोलापूर आणि पलीकडं कर्नाटकातल्या बिदर-कलबुर्गी भागात, मार्गशीर्ष अमावस्येला येळवस असते. वेळ अमावस्या. सगळं घर शेतात जातं, कडब्याची कोप उभी राहते, पांडवांची पूजा होते आणि मग जेवण. बाजरीची भाकरी, उंडे, आंबील, खीर, आणि ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो ती भज्जी.

भज्जीत काय असतं? तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, वांगं, गाजर, मेथी, पालक, कांद्याची पात, चिंच, वरून बेसन. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, पण दहा-बारा भाज्या सहज होतात. आणि घरी मेथी बघून तोंड फिरवणारी लेकरं तिथं द्रोण पुढं करून दुसऱ्यांदा मागतात!

भाजी तीच, लेकरू तेच. मग बदलतं काय? माझ्या मते या एका प्रश्नाच्या उत्तरातच घरी करायच्या बहुतेक गोष्टी आहेत. एकेक करून बघू.

पहिली गोष्ट: ओळख

साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात मुलं नव्या पदार्थाला घाबरतात. हा हट्ट नाही, वाढीचाच एक टप्पा आहे. चालायला लागलेल्या लेकरानं दिसेल तो पाला तोंडात घातला असता तर आपली माणसाची जात टिकलीच नसती. त्यात हिरव्या पाल्याची चव कडवट. कडू म्हणजे विष असू शकतं, हे शरीर जन्मापासून धरून चालतं. काही मुलांना तर जनुकांमुळे कडू चव इतरांपेक्षा जास्त जाणवते.

या भीतीवर औषध एकच, पुन्हा पुन्हा चाखणं. अमेरिकेत लीन बर्च या मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी यावर आयुष्यभर काम केलं. १९८२ च्या त्यांच्या अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांना काही नवे पदार्थ कमी वेळा आणि काही जास्त वेळा चाखायला दिले. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो जास्त आवडायला लागला. पुढच्या एका अभ्यासात हेही दिसलं की नुसतं बघून भागत नाही, जिभेला लागावं लागतं. साधारण आठ ते पंधरा वेळा चाखल्यावर फरक पडतो, असं मानतात.

आता आपण काय करतो? तीन-चारदा भाजी वाढतो, लेकरू नको म्हणतं, आणि "आमच्या पोराला दोडका आवडत नाही" असा शिक्का मारतो. म्हणजे परीक्षेच्या आधीच निकाल. शिवाय हा शिक्का लेकराच्या समोरच मारतो, मग तेही तेच बोलायला लागतं.

आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर भाजीचं नाव आणि एक रेघ, एवढंच लिहायला सुरुवात केली. पोटभर खाल्लं की नाही याची नोंद नाही, फक्त चाखलं का एवढीच. दोडक्याच्या अकराव्या रेघेला पुतणीनं स्वतःहून भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. गवारीच्या चौदा रेघा झाल्यात आणि गवार अजून बाहेरच आहे. चालतंय. प्रत्येकाची एखादी नावडती भाजी असतेच की.

एक सूचना. एका वेळी एकच नवी भाजी घ्या आणि ताटात ओळखीचं काहीतरी असू द्या. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही एका वेळी एकच बदल करतो, नाहीतर कशामुळं काय बिघडलं ते कळत नाही. ताटालाही हेच लागू होतं.

दुसरी गोष्ट: जबरदस्ती नाही

येळवशीला "खा गं, खा ना" असं कुणी म्हणत नाही. मोठी माणसं आपापल्या गप्पांत असतात. लेकराच्या घासाकडं कुणाचं लक्ष नसतं, आणि त्यामुळेच ते खातं.

२००६ चा एक अभ्यास आहे. बालवाडीच्या वयाच्या मुलांना दोन प्रकारचं सूप दिलं. एका सुपाच्या वेळी "सूप संपव" असं सारखं म्हटलं, दुसऱ्याच्या वेळी काहीच म्हटलं नाही. ज्याच्यावर काही बोललं नाही, ते मुलांनी जास्त प्यायलं. ज्याच्या मागं लागलं, त्याबद्दल तक्रारी जास्त.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी यासाठी कामाची वाटणी सांगितली. काय वाढायचं, कधी आणि कुठं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे लेकरानं ठरवायचं. आपल्या घरात हे अवघड जातं, कारण आजीचा जीव राहत नाही. आमच्या आईला मी एवढंच म्हटलं, "आई, तू ताट वाढ, पण बोलू नको." पहिले आठ दिवस तिला फार जड गेले.

आणि "भाजी संपवलीस तर चॉकलेट" हा व्यवहार? त्यातून लेकरू एकच शिकतं, की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. बक्षीस द्यायचंच असेल तर खाण्याचं देऊ नका. चाखल्याबद्दल एखादा स्टिकर, एखादी शाबासकी पुरते. लंडनमध्ये शाळकरी मुलांवर हे करून बघितलंय आणि तिथं स्टिकरनं भाजीची आवड कमी न होता वाढली.

तिसरी गोष्ट: एकच भांडं, सगळ्यांचं जेवण

भज्जी सगळ्यांची एकच. लेकरांसाठी वेगळं काही नाही. घरी मात्र मोठ्यांना भाजी-भाकरी आणि लेकराला दूध-बिस्किट किंवा नुसता वरण-भात, अशी दोन ताटं होतात. वहिनीला दोनदा स्वयंपाक आणि लेकराला एकच निरोप, की भाजी ही मोठ्यांची वस्तू आहे.

१९८० च्या एका अभ्यासात बर्च यांनी एक भाजी नावडणाऱ्या मुलाला, तीच आवडणाऱ्या तीन-चार मुलांच्या टेबलावर बसवलं. काही दिवसांतच ते मूलही ती भाजी घ्यायला लागलं. म्हणून शेजारची पोरं जेवायला आली तर भाजीच करा, पुरी-श्रीखंड नंतर कधीतरी. आणि बाप स्वतः कारलं बाजूला सारत असेल, तर पोराला सांगून काही उपयोग नाही. हे दादाला ऐकवण्यासाठीच लिहितोय, तो हा भाग ऐकतो.

ही ओळख तर जन्माच्याही आधी सुरू होते. २००१ च्या एका अभ्यासात गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आयांनी गाजराचा रस प्यायला, तर पुढं त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचा आहार कमी तोंड वाकडं करून खाल्ला. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या ताटात वेगवेगळ्या भाज्या येऊ द्या, त्याचा फायदा दोघांना आहे.

चौथी गोष्ट: भूक आणि हात

येळवशीला लेकरं रानात पळतात, शेंगा तोडतात, सोलाणे सोलता सोलता निम्मे खातात. जेवायला बसेपर्यंत कडकडून भूक लागलेली असते. घरी मात्र सहा वाजता दुकानातली पाच रुपयांची पुडी, सात वाजता बिस्किट, आणि आठला भाजी. आठला भूकच नसते! जेवणाआधी दोन तास पाणी सोडून काही नाही, एवढा एकच नियम पाळला तरी फरक दिसतो.

आणि हाताला काम द्या. मेथी निवडणं, वाटाणे सोलणं, बाजारात वांगं स्वतः निवडणं. स्वतः निवडलेल्या वांग्याशी लेकराचं नातं वेगळं असतं. घराजवळ चार हात जागा असेल तर मेथी-कोथिंबीर पेरा. मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात ताटात येते. लेकराचा धीर तेवढाच असतो.

चव: लपवू नका, सोपी करा

पराठ्यात पालक लपवला तर पोटात जातो, पण ओळख होत नाही. त्यामुळं लपवाछपवीपेक्षा कडूपणा कमी करणं बरं, आणि त्यासाठी आपल्या स्वयंपाकघरात सगळं आहे. मीठ कडू चव दाबतं, म्हणून कारल्याला मीठ लावून पिळतात. शेंगदाण्याचा कूट, ताक, चिंच-गूळ, बेसन हे सगळं याच कामाचं. डाळीत पालेभाजी घोटून केलेला गरगटा आणि ज्वारीच्या पिठाचे मेथीचे धपाटे इथून सुरुवात करा. धपाट्यात मेथी दिसते, म्हणून ती लपवाछपवी नाही. मग हळूहळू पीठ कमी, मेथी जास्त.

चार वर्षांच्या आतल्या लेकरांना कच्च्या गाजराच्या चकत्या, अख्खे शेंगदाणे, कडक दाणे देऊ नका, घशात अडकतात. किसून, शिजवून, ठेचून द्या.

लोहाचा हिशोब

हे महत्त्वाचं आहे. पालेभाजीत लोह असतं, पण शरीर त्यातलं थोडंच घेतं. सोबत लिंबू, पेरू, आवळा, टोमॅटो असं क जीवनसत्त्वाचं काही असेल तर जास्त घेतं. जेवणाबरोबर चहा असेल तर कमी. आपल्याकडं लेकरांना चहात बुडवून चपाती देतात, रक्त कमी असेल तर ते थांबवाच.

आणि रक्त कमी निघालं असेल तर नुसत्या भाजीवर विसंबू नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध पूर्ण करा. २०१८ पासूनच्या अॅनिमिया मुक्त भारत योजनेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं पातळ औषध आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी देण्याची सोय आहे. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना विचारा. पुतणीचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी १०.९ आलं. यातलं मोठं श्रेय औषधाचं. पण औषध कधीतरी बंद होणार, ताट मात्र रोज वाढलं जाणार.

माळवं आणायचं कुठून?

कुणी म्हणेल, दुष्काळी जिल्ह्यात उन्हाळ्यात माळव्याचे भाव बघितलेत का? बरोबर आहे. सोयाबीन आणि ऊस विकायचं, आणि भाजी विकत आणायची, असं आपलं झालंय. याच जिल्ह्यात बायकांनी यावर वाट काढली. १९९३ च्या भूकंपानंतर या भागात उभं राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं 'एक एकर' मॉडेल असं आहे, की घरच्या शेतातला एक एकर बाईच्या हाती द्यायचा, आणि ती तिथं कमी पाण्यात धान्य, कडधान्य, भाजीपाला लावणार. आधी घरासाठी, उरलं तर बाजारात. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांनी हे गावोगावी नेलं. २०१६ मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. शेतात काय लावायचं हे बाईनं ठरवलं की लेकराचं ताट बदलतं, एवढा साधा हिशोब आहे.

एकर नसेल तर बांधावर शेवगा लावा. पाणी कमी लागतं, पाला आणि शेंगा दोन्ही मिळतात. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी रानात फुकट उगवतात. ओळखणारं माणूस घरात असेल तर लेकराला सोबत घेऊन खुडायला जा.

तर मंडळी, सगळं एकदम करू नका. या आठवड्यात एकच भाजी निवडा, सगळ्यांच्या ताटात तीच वाढा, तिच्याबद्दल एक शब्द बोलू नका आणि कॅलेंडरवर रेघ मारा. पंधरा रेघा होईपर्यंत निकाल लावायचा नाही. भेटू पुढच्या भागात. तोवर खा, आणि लेकरांना त्यांच्या मनानं खाऊ द्या.