न्हाणीघराची ओल आणि शेजारच्या खालांची भिंत

नंदुरबारच्या जुन्या वस्तीत घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. दोन घरांत मिळून एकच भिंत, असे अनेक ठिकाणी दिसते. आमचे घरही तसेच. आमच्या न्हाणीघराची मागची भिंत म्हणजेच शेजारच्या खालांच्या आतल्या खोलीची भिंत. गेल्या उन्हाळ्यात न्हाणीघराचे काम काढायचे ठरले. "आठ-दहा दिवस धूळ आणि ठोकाठोक होईल," हे सांगायला आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. खालांनी भिंतीला लागून असलेली लोखंडी पेटी थोडी पुढे ओढली. मागे कमरेच्या उंचीपर्यंत ओल चढलेली. रंगाचे पापुद्रे सुटलेले, त्यावर पांढरे मीठ फुललेले. पेटीतल्या गोधड्यांना कुबट वास लागतो म्हणून त्या दर महिन्याला त्या उन्हात टाकत होत्या.

"खाला, तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"दोन वर्षे झाली, बेटी. पण पाण्यावरून शेजाऱ्याशी काय भांडायचे?"

आम्हाला मान वर करवेना. शाळेत मुलांना शेजाऱ्याचे हक्क शिकवणारे आम्ही, आणि आमच्याच अंघोळीचे पाणी दोन वर्षे दुसऱ्याच्या भिंतीत मुरत होते. आमच्या बाजूने पाहावे तर टाइल स्वच्छ, चकचकीत. शंका यावी असे काहीच नव्हते.

गैरसमज नेमका इथेच आहे. टाइल पाणी अडवते असे आपण धरून चालतो. टाइलमधून पाणी जात नाही हे खरे, पण दोन टाइलांमधल्या सांध्यांतून ते झिरपते. त्याला अडवायचे काम टाइलखालच्या थराचे असते. आपल्याकडे पाच वेळच्या वुजूमुळे, घरातल्या सगळ्यांच्या अंघोळीमुळे फरशी पुरती वाळतच नाही. त्यात तापी खोऱ्यातली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरच्या बांधकामाला बारीक तडे जातात. नुसत्या सिमेंटचा थर कडक असतो, तो मातीबरोबर हलू शकत नाही, चिरतो. मग मुरलेले पाणी पायाखालची माती आणखी फुगवते. ओल ही फक्त रंगाची खराबी नाही, घराच्या पायाचा प्रश्न आहे.

मिस्त्रींनी जुनी फरशी आणि तिच्याखालचा भुसभुशीत थर काढून टाकला. पाइप बदलले आणि भिंत बुजवण्याआधी त्यांत दाबाने पाणी सोडून गळती तपासली. मग विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला. ही पद्धत जुनी आहे. मुघल काळातले गवंडी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड मिसळत. त्यामुळे चुना ओलाव्यातही घट्ट होई. आपल्या खानदेशाची जुनी राजधानी बुरहानपूर. तिथल्या किल्ल्यातला शाही हमाम पाहिला की पाणी घरात खेळवण्याचे कसब आपल्या भागाला नवे नाही, हे पटते.

कोबा करताना पाण्याचा उतार जाळीकडे दर मीटरला साधारण १ सेंटिमीटर ठेवला. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात न ठेवता मसाला भरून गोल केला, कारण तडा आधी तिथेच जातो. त्यावर लवचीक वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात दिले. पहिला उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. भिंतीवर चारी बाजूंनी फूटभर आणि अंघोळीच्या जागी ६ फुटांपर्यंत.

आता ईद-उल-अजहा आठ दिवसांवर आली होती. सुरतेहून पाहुणे यायचे होते. मिस्त्री म्हणाले, "मॅडम, उद्या टाइल लावून टाकतो. माल चांगला आहे, काळजी करू नका." मन तिकडेच ओढत होते. पण खालांची पेटी डोळ्यांसमोर होती. आम्ही म्हटले, आधी पाणी भरून पाहू.

डब्यावर लिहिले होते तितके दिवस कोटिंग वाळू दिले. मग जाळीचे तोंड घट्ट बंद केले, उंबऱ्याशी मातीचा बांध घातला आणि दोन इंच पाणी भरले. भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. उन्हामुळे थोडे पाणी उडून जाणारच, म्हणून शेजारी सरळ काठाचे पातेले भरून ठेवले आणि त्यातही खूण केली. ४८ तासांनी पाहिले. पातेल्यात पाणी किंचित उतरले होते. न्हाणीघरात मात्र चांगले बोटभर खाली गेले होते.

मिस्त्री प्रामाणिक होते. वाद न घालता खाली बसले आणि शोधून काढले. जाळीच्या पाइपाभोवती मसाला आकसून केसाएवढी फट पडली होती. ती खोदून साफ केली, न आकसणारा ग्राउट भरला, पुन्हा दोन हात दिले, पुन्हा वाळवले, पुन्हा ४८ तास पाणी. या वेळी दोन्ही खुणा सारख्याच उतरल्या. तेव्हा कुठे कोटिंगवर मसाल्याचा संरक्षक थर घालून टाइल बसवायला परवानगी दिली. सांध्यांत साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट भरला.

ईदच्या दिवशी आमचे न्हाणीघर तयार नव्हते. पाहुण्यांनी अंघोळी खालांच्या घरी केल्या. पहाटे गरम पाण्याची हंडी त्यांनीच चढवली होती.

त्यांच्या भिंतीची दुरुस्ती आमच्या खर्चाने केली, पण घाई केली नाही. ओल्या भिंतीला लगेच रंग दिला तर तो पुन्हा सुटतो. खराब गिलावा काढून भिंत काही महिने उघडी ठेवली. पावसाळा गेला, ओल वर आली नाही. थंडीत नवा गिलावा आणि रंग झाला, आणि खालांनी पेटी परत जागेवर सरकवली.

वाचक बंधू-भगिनींनो, घराचे काम काढाल तेव्हा टाइलचा रंग निवडायला दिवस घालवता, तसे दोन दिवस या पाण्यासाठीही ठेवा. मिस्त्रीशी बोलणी करतानाच ही तपासणी ठरवून घ्या, म्हणजे नंतर कुरबूर होत नाही. आणि काम काढण्याआधी एकदा शेजारच्या घरात जाऊन भिंतीची दुसरी बाजू पाहून या. ते स्वतःहून सांगतीलच असे नाही.