झाशीचा पाडाव : एका ब्रिटिश विजयाची स्मृती

झाशीचा किल्ला पाहावयास येणाऱ्या प्रवाशाला काही गोष्टी हमखास दाखविल्या जातात : ‘कडक बिजली’ ही तोफ, गुलाम गौस खान, खुदाबक्ष व मोतीबाई यांच्या कबरी, आणि पाठीशी दत्तकपुत्राला बांधून राणी लक्ष्मीबाईंनी घोड्यावरून जेथून उडी घेतली असे सांगतात, ती तटावरील जागा. या जागेवरून खाली पसरलेले शहर स्पष्ट दिसते. परंतु सांगणाऱ्याची कथा तेथे थांबत नाही. ती राणीबरोबर काल्पीला व पुढे ग्वाल्हेरला निघून जाते. राणीने किल्ला सोडल्यावर शहरात काय घडले, विजयी इंग्रज सैन्याने तेथे काय केले, याला या कथेत जागा नाही. ब्रिटिशांच्या युद्धकालीन वर्तनाची स्मृती कशी घडते याचा विचार करताना ही रिकामी जागा विशेष लक्षात घ्यावी लागते.

घटनाक्रम थोडक्यात असा. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव वारले; दत्तक नामंजूर करून डलहौसीने १८५४ साली संस्थान खालसा केले. ८ जून १८५७ रोजी जोखनबागेत सुमारे साठ युरोपीय स्त्री-पुरुष व मुले मारली गेली. २१ मार्च १८५८ रोजी सर ह्यू रोझ झाशीपुढे येऊन ठाकला. १ एप्रिलला बेतवाकाठी तात्या टोपे यांच्या फौजेचा पराभव झाला आणि ३ एप्रिलला इंग्रज सैन्य शहरात शिरले.

ब्रिटिशांनी यातून काय जतन केले हे पाहण्यासारखे आहे. त्यांच्या लेखी आरंभ जोखनबागेपासून होता आणि पुढील सर्व काही त्या हत्याकांडाचे परिमार्जन होते. राणी त्याला जबाबदार होती की नाही हा वाद त्यामुळेच इतका दीर्घकाळ चालला. ती दोषी ठरली तरच झाशीवरील सूड न्याय्य ठरत होता. या मोहिमेतील शौर्याबद्दल अनेक व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. रोझला १८६६ साली सरदारकी मिळाली, तीत स्ट्रॅथनेर्नबरोबर झाशीचेही नाव गुंफलेले आहे. १८९५ साली लंडनच्या नाइट्सब्रिज भागात त्याचा अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला. १९३१ मध्ये तो तेथून हलविला गेला आणि अखेर हॅम्पशायर परगण्यातील एका आडबाजूला जाऊन पडला. विजयाचा अभिमान ओसरला, पण त्याच्या जागी विजयाची चिकित्सा आली असे मात्र झाले नाही. इंग्लंडमध्ये २०१४ पासून लागू झालेल्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात अकरा ते चौदा वयोगटासाठी नावाने सक्तीचा असा विषय एकच आहे, तो म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार. साम्राज्याचा विषय शिक्षकाच्या निवडीवर सोपविलेला आहे. तेथील शाळकरी मुलाच्या कानी झाशीचे नाव पडेलच अशी खात्री देता येत नाही.

भारतीय परंपरा याहून समृद्ध खरी, परंतु तिचे लक्ष सतत राणीवर खिळलेले आहे. द. ब. पारसनीसांचे मराठी चरित्र १८९४ चे. राज्यकर्त्यांच्या आरोपातून राणीला मुक्त करणे हा त्याचा मुख्य हेतू असल्यामुळे तिला नाइलाजाने शस्त्र उचलावे लागले अशी त्याची मांडणी आहे. वृंदावनलाल वर्मांनी १९४६ च्या हिंदी कादंबरीत नेमकी याच्या उलट बाजू घेतली : राणी लढली ती स्वराज्यासाठी. ते स्वतः झाशीत वकिली करीत असल्याने शहरातील वृद्धांच्या आठवणींचा आधार त्यांना घेता आला. सुभद्राकुमारी चौहान यांची कविता पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत झाली. १९५३ मध्ये सोहराब मोदींचा चित्रपट आला, २०१९ मध्ये आणखी दोन आले. पारसनीस आणि वर्मा यांच्यात कितीही मतभेद असले तरी प्रश्न दोघांचाही एकच आहे : राणी का लढली? झाशीच्या विणकराचे, भिक्षुकाचे, हलवायाचे काय झाले, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नाही.

त्याचे उत्तर एका मराठी ग्रंथात आहे. पेणजवळील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे काकांसह उत्तरेकडे गेले ते ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळावी म्हणून; वेढ्याच्या वेळी ते झाशीत अडकले. त्यांचा ‘माझा प्रवास’ हा वृत्तान्त पुष्कळ वर्षांनी लिहिलेला आहे, त्यामुळे तपशिलात स्मृतिदोष संभवतो. परंतु शहर पडल्यानंतरच्या दिवसांचे त्यांचे वर्णन लपून बसलेल्या माणसाचे आहे. कत्तलीसाठी ते ‘बिजन’ हा जुना शब्द वापरतात. लुटीलाही क्रम होता हे ते नोंदवितात : आधी सोनेनाणे, मग भांडीकुंडी, कापड, धान्य. संस्थानच्या ग्रंथालयाचा नाश त्यांना, शास्त्री घराण्यातील माणूस म्हणून, विशेष लागलेला दिसतो. गोडसे क्रांतिकारक नव्हते. ‘बंड’ हाच त्यांचा शब्द. आपली दक्षिणा लुटली गेल्याचे दुःख ते शहराच्या दुःखाइतक्याच सरळपणे सांगतात. राष्ट्रीय भावनेने त्यांनी काही रचले असेल असा संशय घेण्यास म्हणूनच फारसा वाव उरत नाही.

या ग्रंथाचे भाग्यही बोलके आहे. चिंतामण विनायक वैद्यांनी तो १९०७ साली प्रसिद्ध केला, पण भाषा व मांडणी यांत फेरफार करून. गोडसे यांचा मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापला. म्हणजे झाशीच्या एका प्रत्यक्षदर्शी नागरिकाचे शब्द जसेच्या तसे वाचकांपुढे यावयास एकशे आठ वर्षे लागली. अमृतलाल नागरांनी तो हिंदीत आणला; इंग्रजीत २०११ ते २०१४ या अवघ्या चार वर्षांत त्याची तीन भाषांतरे झाली.

गोडसे वाचताना आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही, आणि ती भारतीय स्मृतीलाही अडचणीची आहे. रोझच्या सैन्यात गोऱ्या पलटणींबरोबर मुंबई इलाख्याच्या देशी पलटणी व हैदराबाद कंटिंजंट होते. मुंबई सैन्याची भरती मोठ्या प्रमाणावर कोकणातून होत असे. तटाच्या आत अडकलेला वरसईचा भिक्षुक आणि बाहेरून शिड्या लावणारा शिपाई यांची बोली एकच असू शकत होती. चित्रपटांतील इंग्रज सैन्य मात्र बहुधा लाल डगल्यांचे व गोऱ्या चेहऱ्यांचेच असते.

बारावीच्या इतिहासासाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने २००७ मध्ये काढलेल्या पुस्तकात उठावाबरोबरच उठावाच्या चित्रणाचाही विचार आहे, ही चांगली सुरुवात म्हटली पाहिजे. विद्यार्थ्यांपुढे तेथे ब्रिटिश चित्रकारांची चित्रे ठेवून ती कोणासाठी व कशासाठी काढली गेली हे विचारले आहे. झाशीत मात्र रेल्वे स्थानकाला २०२१ मध्ये वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले, जोखनबागेत मारल्या गेलेल्या युरोपीयांचे स्मारक उभे आहे, आणि एप्रिल १८५८ मध्ये गल्लीबोळांत मेलेल्या नागरिकांची नावे शोधावयाची झाली तर अजूनही गोडसे यांचीच पाने उलटावी लागतात.