ब्रेंडन मार्टिन चषकाचा हंगाम

आयर्लंडमधील महिलांच्या गेलिक फुटबॉलची ऑल-आयर्लंड स्पर्धा १९७४ पासून खेळली जाते. त्याच वर्षी जुलैमध्ये टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात, महिला गेलिक फुटबॉल संघटना स्थापन झाली. गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचा जन्म याच हॉटेलात १८८४ मध्ये झाला होता. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना स्वतःची संघटना मिळायला त्यानंतर नव्वद वर्षे लागली. पहिला अंतिम सामना टिपरेरीने ऑफलीविरुद्ध जिंकला. वरिष्ठ श्रेणीच्या विजेत्यांना मिळणारा चषक ब्रेंडन मार्टिन यांच्या नावाने ओळखला जातो.

सामना पंधरा-पंधरा खेळाडूंचा असतो आणि तीस मिनिटांचे दोन डाव होतात. गोलखांबांचा आकार इंग्रजी एच अक्षरासारखा असतो. चेंडू आडव्या दांड्यावरून गेला तर एक गुण आणि खालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण मिळतात. गुणफलकावर १-११ लिहिले असेल तर एक गोल आणि अकरा गुण, एकूण चौदा, असा हिशोब करायचा. महिलांच्या खेळाचे काही नियम वेगळे आहेत आणि त्यांनीच या खेळाला त्याचा वेग दिला आहे. जमिनीवरचा चेंडू पायाने वर न उडवता थेट हातात घेता येतो. चेंडू आकाराने थोडा लहान असतो. जाणूनबुजून अंगाला अंग भिडवणे हा फाउल ठरतो. पिवळे कार्ड मिळालेली खेळाडू दहा मिनिटे मैदानाबाहेर बसते. साठ मिनिटांच्या सामन्यात ही शिक्षा जड असते, कारण चौदा जणींना तेवढेच मोठे मैदान राखावे लागते. मोठ्या सामन्यांत वेळ मोजणारे घड्याळ सर्वांना दिसते आणि भोंगा वाजला की खेळ संपतो. किती मिनिटे उरली हे खेळाडूंनाही कळते आणि प्रेक्षकांनाही. पुरुषांच्या फुटबॉलने ही पद्धत २०२५ मध्ये स्वीकारली. चांगली रीत महिलांनी आधी रुजवली होती, हे नोंदवायला हवे.

या स्पर्धेत खेळाडूंची खरेदी-विक्री नसते. मुलगी गावच्या क्लबात वाढते, तिथून काउंटीच्या संघात निवडली जाते आणि बहुधा शेवटपर्यंत त्याच काउंटीची राहते. काउंट्यांच्या वरिष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ अशा तीन श्रेणी आहेत. मध्यम श्रेणीचा विजेता संघ पुढच्या वर्षी वरिष्ठ श्रेणीत जातो, तर वरिष्ठ श्रेणीत तळाशी राहिलेल्या संघाला खाली उतरावे लागते.

हंगामाची सुरुवात हिवाळ्यातच, लीगने होते. चिखलाची मैदाने आणि बोचऱ्या वाऱ्यातले हे सामने प्रशिक्षकाला संघ घडवायला उपयोगी पडतात. वसंतात मन्स्टर, लेन्स्टर, कॉनाक्ट आणि अल्स्टर या चार प्रांतांच्या स्पर्धा होतात. त्यानंतर ऑल-आयर्लंडची मुख्य फेरी येते. वरिष्ठ श्रेणीत बारा संघांचे तिघा-तिघांचे चार गट पडतात आणि प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत जातात. उरलेल्यांना श्रेणी वाचवण्यासाठी आपसांत खेळावे लागते. त्या सामन्यांना गर्दी कमी असते, पण काउंटीचे पुढचे सगळे वर्ष त्यांच्यावर ठरते.

हंगामात संघ कसा बदलतो हे पाहायचे तर मीथ काउंटीचे २०२१ साल पाहावे. २०१५ मध्ये कॉर्कने मीथला ४० गुणांनी हरवले होते. कॉर्कचा तो सुवर्णकाळ होता. २००५ ते २०१६ या बारा वर्षांत त्यांनी अकरा विजेतेपदे मिळवली. मीथ पुढे मध्यम श्रेणीत उतरला. तिथेही २०१८ आणि २०१९ चे अंतिम सामने हरला. प्रशिक्षक एमन मरे यांनी तरीही संघ मोडला नाही आणि २०२० मध्ये मध्यम श्रेणीचे विजेतेपद मिळवून मीथ वर आला.

महासाथीमुळे २०२१ चा हंगाम उशिरा सुरू झाला आणि आटोपशीर झाला. मीथने लीगचा दुसरा विभाग जिंकला, तरी वरिष्ठ स्पर्धेत त्यांच्याकडून कोणी फारशी अपेक्षा केली नव्हती. गटात ते कॉर्ककडून हरले, पण टिपरेरीला हरवून पुढे गेले. त्यांची खेळण्याची रीत ठरलेली होती. प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू असला की जवळपास सगळ्या जणी मागे येऊन गोलासमोरची जागा भरून काढायच्या आणि चेंडू हिसकावला की तीन-चार जणी एकदम पुढे धावायच्या. अशा खेळाला दमसास लागतो. मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे धावायचे आणि लगेच परतायचे, हे तासभर चालू ठेवायचे असते. उपांत्य सामन्यात पुन्हा कॉर्कच समोर आला. सामना संपत आला तेव्हा मीथ सात गुणांनी मागे होता. तिथून त्यांनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना जिंकला.

५ सप्टेंबरला डब्लिनच्या क्रोक पार्कवर अंतिम सामना झाला. समोर सलग चार वेळा विजेता ठरलेला डब्लिन होता. पूर्वार्धात एमा डगनने दुरून उंच मारलेला चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात पडला. मीथने १-११ विरुद्ध ०-१२, म्हणजे दोन गुणांनी सामना जिंकला आणि इतिहासात प्रथमच चषक मिळवला. पुढच्या वर्षी केरीला हरवून तो राखलाही. डगनचा गोल सर्वांच्या लक्षात राहिला, पण चषकाचे खरे श्रेय मागे धावत येणाऱ्या बचावाचे होते.

अंतिम सामन्याच्या दिवशी तिन्ही श्रेणींचे सामने क्रोक पार्कवर एकापाठोपाठ होतात. २०१९ मध्ये डब्लिन आणि गॉलवे यांचा वरिष्ठ अंतिम सामना असताना तिथे ५६,११४ प्रेक्षक आले होते, हा या स्पर्धेचा उच्चांक. मात्र या गर्दीसमोर उतरणाऱ्या खेळाडूंना खेळण्याचा पगार मिळत नाही. बहुतेकींची नोकरी किंवा शिक्षण चालू असते. दिवसभर काम उरकून संध्याकाळी लांबचा प्रवास करून सराव गाठायचा आणि रात्री परतायचे, हा क्रम आठवड्यातून अनेकदा पाळावा लागतो. सरकारी अनुदान २०२१ मध्ये पुरुष खेळाडूंच्या बरोबरीचे झाले, पण प्रवासखर्च, वैद्यकीय मदत आणि मैदाने यांत तफावत राहिली. जून २०२३ मध्ये महिला फुटबॉल आणि कॅमोगी (महिलांचा हर्लिंग) संघांच्या कर्णधारांनी एकत्र येऊन, उरलेला हंगाम आपण निषेध नोंदवत खेळू, असे जाहीर केले. ही मागणी पूर्णपणे रास्त होती. आता गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, महिला फुटबॉल आणि कॅमोगी या तिन्ही संघटना २०२७ पर्यंत एक करण्याचे ठरले असून ते काम माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखाली चालू आहे.

चषक देऊन झाला की काही खेळाडू ऑस्ट्रेलियाला जातात. तिथल्या महिला ऑस्ट्रेलियन रूल्स लीगमध्ये खेळण्याचे पैसे मिळतात आणि चेंडू हातापायाने खेळण्याची सवय उपयोगी पडते. मेयोच्या कोरा स्टॉन्टनने २०१८ मध्ये ही वाट पाडली. मीथची विकी वॉल २०२२ च्या विजेतेपदानंतर नॉर्थ मेलबर्नकडे गेली. बाकीच्या जणी आपापल्या क्लबात परततात, कारण काउंटीचा हंगाम संपल्यावर क्लबांच्या स्पर्धा रंगात येतात. आधी काउंटीचे, मग प्रांताचे आणि शेवटी ऑल-आयर्लंडचे क्लब विजेतेपद ठरते. गॉलवेतील किलकेरिन-क्लॉनबर्न या ग्रामीण क्लबाने २०२१ ते २०२४ या चारही हंगामांत ते पटकावले. क्लबांचे शेवटचे सामने डिसेंबरपर्यंत लांबतात आणि त्या सुमाराला काउंट्यांचे पुढच्या वर्षाचे सरावही सुरू झालेले असतात.